पासंग

दाल बाजारात, गंगवालांच्या आढतीवर
माझे मामा सुभानराव धायबर तोलारी होते.
त्यांच्या काट्याच्या डाव्या पारड्याखाली
सुतळीनं ओवलेला एक पांढरा खडा लोंबायचा,
बोराएवढा, भोकाभोकांचा.
हमाल म्हणत, चुनखडी.
मामा म्हणत, बेट.

सांगायचे थोडंच, तेही तोलताना, आकड्यांच्या मधे.
लाभ... सिंगापुरात हात वर केले.
दोन... जहाजाच्या तळात एकवीस दिवस.
तीन... मग ते.
'ते'चं नाव त्यांनी कधी घेतलं नाही.
जपान्यांचं एक होतं, गोऱ्यांचं दुसरं,
तिथल्या माणसांचं तिसरंच,
आणि ते तिसरं विचारायला
कुणालाच सवड नव्हती.

नकाशावर माशी बसली तर झाकेल एवढं.
पण इथून विमान उडालं
की दोन्हीकडचे समुद्र टप्प्यात,
असं दुभाष्या सांगायचा, छाती फुगवून,
जणू बेट त्याच्या सासऱ्याचं.
म्हणून नारळी पाडल्या, थडगी उकरली,
पोवळ्याचा खडक कुटून कुटून
हजार पावलं लांब, साठ पावलं रुंद पट्टी केली.
बेटाची किंमत म्हणजे ती पट्टी.
बाकीचं, म्हणजे खेकडे, झरा,
तापानं गेलेला सॅपर गेनू खळदकर,
ते सगळं फोलपट.

पट्टी झाली.
तिला एका विमानाचं चाक लागायच्या आत
अमेरिकेचं आरमार लांबून, क्षितिजाच्या कडेकडेनं
निघून गेलं.
तीनशे मैल पुढचं बेट घेतलं त्यांनी.
याच्यावर बॉम्बसुद्धा वाया घालवला नाही.

"रात्रीत भाव पडला," मामा म्हणायचे.
"माल तयार, गिऱ्हाईक नाही.
मग पहारेकरी नि आम्ही
एकाच झऱ्यापाशी, एकाच रांगेत.
तोफेच्या पोटात गोळा होता.
आमच्या नाही, त्यांच्याही नाही."
आणि पुढं, खूप वेळानं,
"सतरा... अठरा..."

कॉलेजातले टेंबे सर एकदा तूर न्यायला आले.
गोणीवर बोटानं पॅसिफिक काढला,
कुठलं बेट कशाची किल्ली होतं ते समजावलं.
मामांनी पुरतं ऐकून घेतलं.
"गोडं पाणी होतं का त्याच्यावर?"
सरांना ठाऊक नव्हतं.
मामांनी हनुवटीनं किल्ला दाखवला,
गोदामांच्या पत्र्यांवर आडवा पसरलेला.
"तिथं सूरजकुंड आहे, म्हणून तो किल्ला.
नाहीतर नुसता डोंगर,
अन् मरायला हवा तेवढी चांगली."
सरांनी पाच शेर तूर नेली. पैसे उधार.

मग किलो आले.
माप-तोल खात्याचे श्रीवास्तव शिक्क्यांची पेटी घेऊन आले,
खड्याकडे बघून म्हणाले, "यह क्या लटका रखा है? हटाइए."
मामांनी सुतळी सोडली.
दांडी उजवीकडे कलली,
तांदळाच्या दाण्याएवढीच,
पण पाठीवर पोती घेतलेले हमालसुद्धा
जागच्या जागी थांबले.
इतकी वर्षं अख्खा बाजार
त्या खड्यानं सरळ ठेवला होता.
लढाईत मात्र ते बेट
पासंगालाही पुरलं नव्हतं.

नवा काटा आला. त्याला काही लागत नव्हतं.
मामा त्याच्यावर तोलायचे, पण आकडे मनात मोजायचे.
आम्ही पोरं जवळ बसायचो, ऐकायला काही नसायचं.

ते गेल्यावर खडा कोटाच्या खिशात सापडला.
सराफ्यात नेला. सोनारानं भिंग लावलं, उलटापालटा केला.
"दागिन्याचं पोवळं नाही हे. याला किंमत नाही."
म्हटलं, वजन सांगा.
त्यानं सांगितलं. घरी येईपर्यंत विसरले मी.

सुतळी अजून भोकात आहे.
गाठ सोडायचा प्रयत्न केला, सुटत नाही.
खलाशाची असेल,
किंवा हमालाची.